बुजगावण्याच्या अंगातला शर्ट

९ जानेवारी, शुक्रवार

हसले! दात दिसतील असं हसले.

शाळा सुटल्यावर डिचोलीहून म्हापशाच्या बसमध्ये बसलो. श्रद्धा टीचर, सागर सर आणि मी. ते दोघे अस्नोड्याचे, मी मुळगावला आधी उतरते. माझ्या थांब्याच्या अलीकडे आमचं शेत लागतं, अगदी रस्त्याला लागून. आज बस तिथे थांबली, समोर टिपर आडवा होता.

शेतात आई होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वर बाबांचा खाणीवरचा निळा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. डोक्यावर तुवालो, त्याची टोकं हनुवटीखाली बांधलेली. अळसांद्याच्या, म्हणजे गावठी चवळीच्या, वाफ्यात हात पसरून उभी होती, मोरांना हुसकत असावी.

मी खिडकीशी होते. श्रद्धा टीचरने माझ्या पुढून काचेवर बोट ठेवलं. "पळे गो, बुजगावणें चलता!"

सागर सर म्हणाले, "खाण परत चालू जाली दिसता. कामगार चुकून शेतांत पावलो."

आणि मी हसले.

'ती माझी आई' – तीन शब्द. रोज मुलांना किती बोलते मी! हे नाही जमलं.

आईने मान वर केली, बसकडे पाहिलं. मी दिसले असेन का तिला? नसेनच. ऊन समोरून होतं, तिने डोळ्यांवर हात धरला होता. नसेनच.

थांब्यावर उतरले, आणि शेताकडे न जाता देवळाच्या वाटेने फिरून घरी आले.

१० जानेवारी, शनिवार

झोप नीट लागली नाही. एकच विचार – तो शर्ट नको.

कारणही सापडलं. आईला दोन वर्षांपासून ल्युपस आहे. घरात आम्ही त्याला उन्हाचं दुखणं म्हणतो. ऊन लागलं की अंगावर चट्टे उठतात, सांधे धरतात, ताप येतो. बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं – शक्यतो उन्हात जाऊ नका, गेलात तर अंग पूर्ण झाका. आई शेत सोडणार नाही. आणि अंगात तो गडद निळा, जाड शर्ट! गडद रंग उष्णता शोषून घेतो, पांढरा परतवतो. आठवीला मीच शिकवते. मग घरच्या माणसाला कसं नाही सांगितलं इतके दिवस?

शाळेतून येताना डिचोलीच्या बाजारात गेले. पांढरा सुती कुडता घेतला. पूर्ण बाह्यांचा, अगदी तलम. दुकानदार म्हणाला, "उन्हाक एकदम बरो, टीचर. वारो भितर येता." हातात धरला तर वजनच नाही. बाईच्या अंगावर बाईचा कपडा दिसेल. आणि शास्त्राला धरूनही आहे!

(शास्त्र दुसरं लिहिलं. पहिलं काय लिहिलं ते वर आहे. खोडत नाही.)

११ जानेवारी, रविवार

आईने कुडता दोन बोटांत धरला. "पांढरें? शेतांत? आनी चिखलाक कितें सांगूं, आज येऊ नाका म्हणून?"

मी समजावलं. पांढऱ्यावरून ऊन परत फिरतं, सुती कापडाने घाम सुकतो, निळ्याने अंग तापतं. पाटीवर काढून दाखवावं तसं हातवारे करून सांगितलं. आमच्या घरात दहावीच्या पलीकडे गेलेली मी पहिली. आईला सही येते, तीही सावकाश. माझ्या बोलण्याकडे ती देवळातल्या पुराणाकडे पाहावं तशी पाहते. अशा वेळी मला नेहमी अवघड होतं. आज मी त्याचा उपयोग केला.

"तूं शिकल्या," ती म्हणाली. "तूं सांगता जाल्यार आसतलें तशें."

बाबा दारात पाव खात बसले होते. खाण बंद झाल्यापासून ते दुसऱ्यांचा टेम्पो चालवतात. म्हणाले, "आनी म्हज्या शर्टाक निवृत्ती?"

आई म्हणाली, अळसांद्यातल्या बुजगावण्याचे कपडे फाटलेत, मोर त्याच्या खांद्यावर बसतात, त्यालाच घालूया. मीच घेऊन गेले. मीच त्या काठ्यांना बाह्या चढवल्या. आई बांधावरून ओरडली, "बटणां बरीं लाय गो! नाजाल्यार मोर हांसतले!"

मग त्या बुजगावण्याला माझा बाप ठरवून स्वतःच हसत सुटली. "पळे, तुजो पाय उबो शेतांत! काम करिना, उबोच!"

मागून आलेले बाबा म्हणाले, "म्हजेपरस बरो दिसता तो."

मीही हसले. कालपासून दोनदा शास्त्राचं नाव घेतलं आहे मी. देवाचं नाव घेऊन खोटं बोलणाऱ्यांना मी काय म्हणते?

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काळी साडी नेसून शाळेत गेले, सगळ्याच नेसल्या होत्या. कोणी विचारलं नाही की उष्णता शोषते का.

२२ जानेवारी, गुरुवार

बस शेतावरून गेली. आई पांढऱ्या कुडत्यात वाकलेली. श्रद्धा टीचरने पाहिलंसुद्धा नाही. मला हलकं वाटलं. लिहिताना नाही वाटत.

१ फेब्रुवारी, रविवार

आईची वेणी घालताना मान दिसली. मानेखाली, पाठीवर, खांद्यांवर लाल चट्टे. गोल, कडेला जाड, मध्ये फिके. पूर्वी उठायचे ते गालांवर आणि हातांच्या पंजांवर, जिथे शर्ट पोचत नव्हता तिथे. पाठीवर कधीच नाही.

"घामोळें तें," म्हणाली. खोबरेल लावून घेतलं.

पण कुडता पाठीवर असतोच की! झाकलेल्या जागी कसं उठलं?

४ फेब्रुवारी, बुधवार

ताप. सकाळी बोटं मिटेनात. भाकरी थापायला बसली आणि पीठ परातीत तसंच ठेवून उठली. मी केल्या भाकऱ्या, त्या कडेला चिरल्या. भर दुपारी शेतात जाते म्हणून बाबा तिच्यावर ओरडले, "कितल्या फावट सांगलें? दनपारां शेतांत मरूंक वता!"

९ फेब्रुवारी, सोमवार

बांबोळी.

त्वचेची डॉक्टर माझ्याच वयाची असेल. तिने आईची पाठ पाहिली, दंडावरचे चट्टे पाहिले, बोटं एकेक करून दाबली. लघवीच्या तपासणीत प्रथिनं आली आहेत. म्हणजे दुखणं मूत्रपिंडाकडे वळत असेल. "असेल," ती दोनदा म्हणाली. गोळ्या वाढवल्या. पुढच्या सोमवारी परत बोलावलं आहे. म्हणाली, "वर्षभर इतकं चांगलं चाललं होतं. याच औषधावर परत उठलं असेल तर याचा अर्थ औषध कमी पडतंय. मग जास्त कडक सुरू करावं लागेल. त्याचे त्रास वेगळे असतात."

मग तिने आईला विचारलं, "गेल्या महिन्यात काही बदललं का? नवीन गोळी, तेल, साबण? कपडे?"

माझ्या हातात फाईल होती. मी फाईलकडे पाहिलं.

आई म्हणाली, "कायच ना बाय. हांव आयकूंक ना. दनपारां भायर पडलें. म्हजीच चूक."

डॉक्टरने मान हलवली. बाहेर पडायचंच असेल तर कपडा कसा हवा ते सांगू लागली. जाड हवा, घट्ट विणीचा, गडद रंगाचा. तलम पांढरं सुती नको, ते उन्हाला चाळणीसारखं. घामाने ओलं झालं की आणखी वाईट. "उजेडासमोर धरा. पलीकडचा हात दिसला तर ऊनही पलीकडे जातंय असं समजा." जीनचं कापड, कामगारांचे गणवेश असतात तसलं जाड मिश्र कापड चांगलं. अंगाला ताणून बसणारं नको, ताणलं की वीण उघडते.

आई मन लावून ऐकत होती. मग, स्वतःच्या लक्षात राहत नाही म्हणून, माझ्याकडे वळून तिने काय विचारावं? "बाय, तुका कळलें मगो सगळें? म्हज्यान उगडास उरना."

कळलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कुडता दोरीवर वाळत होता. मागे हात घातला. बांगड्या दिसल्या. तळहातावरच्या रेषा दिसल्या! पाणी शिंपडून पाहिलं, कापड हाताला चिकटलं आणि जणू नाहीसंच झालं. आई वाफ्यांना पाणी लावते तेव्हा दुपारी पाठ अशीच भिजलेली असते.

शेतात गेले. बुजगावण्याच्या अंगातला शर्ट सूर्यासमोर धरला. काही नाही. अंधार. महिनाभर ऊन खाऊन खांद्यावर रंग जरा उडाला आहे, कॉलरवर पक्ष्यांची घाण आहे, पण वीण अशी दाट की सुई घालायला जोर लागेल. बाबांनी खाणीवर वापरला, मग आईने, धुऊन धुऊन दोरे आवळत गेले असणार.

म्हणजे महिनाभर शेतात उन्हापासून राखलेलं एकच अंग होतं. काठ्यांचं.

शर्ट काढून घरी आणला. बुजगावणं उघडं पडलं. मोरांचं काय करायचं ते नंतर.

११ फेब्रुवारी, बुधवार

मनाची खात्री हवी. डॉक्टरने सांगितलं ते पुरेसं नाही का? पुरेसं आहे. तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला शिक्षा झाल्यासारखं वाटणार नाही.

हळदीच्या पाण्यात कागद बुडवून सावलीत वाळवले. हळद उन्हाने उडते – साडीवर हळद पडली की आई धुऊन उन्हात टाकते, तेच. गच्चीवर पाट ठेवला. एक पट्टी कुडत्याखाली, एक ओल्या केलेल्या कुडत्याच्या बाहीखाली, एक शर्टाखाली. कपडा उडू नये म्हणून कडेला चिरे ठेवले.

आईने खालून विचारलं, "वयर कितें वाळयता गो?"

"शाळेचं आहे," म्हटलं. आणखी एक.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काढलं. कुडत्याखालची हळद फिकी, जुन्या वर्तमानपत्रासारखी. ओल्या बाहीखालची त्याहून फिकी. बाही सुकली की परत भिजवत होते, शाळेत असताना ते जमलं नाही, म्हणून ही पट्टी पुरी खरी नाही. शर्टाखालची तशीच पिवळी, आत्ता डब्यातून काढल्यासारखी.

हळद म्हणजे कातडी नव्हे. हळद डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही उडते आणि आईला बाधतात ते किरण दिसत नाहीत. तेव्हा हा काही पुरावा नाही. वर्गात कोणी असा प्रयोग करून आणला असता तर मी अर्धेच गुण दिले असते. पण फिकी पट्टी हातात घेतली आणि मला आईची पाठ दिसली.

पांढरा रंग उजेड परतवतो – दोऱ्यावर आदळतो तो. दोन दोऱ्यांमधून सरळ आत जातो त्याचं काय? हे पुस्तकात नाही, आणि मला सुचलंही नाही. अंग थंड राहणं आणि अंग राखलं जाणं या दोन गोष्टी मी एक केल्या. चूक झाली. अज्ञानाने झालेली चूक. इथवर लिहून थांबले असते तर बरं वाटलं असतं.

पण तसं नाही. कापडाचा विचार करून मी शर्ट काढला नाही. मी शर्ट काढला आणि मग कापडाचा विचार केला. श्रद्धा टीचर हसली नसती तर तो शर्ट आजही आईच्या अंगात असता, आणि माझं आठवीचं शास्त्र कपाटात.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. आईला देवळात जायचं होतं, पाय उचलेना. घराच्या पायरीवर बसूनच तिने हात जोडले.

तिथेच सांगितलं. म्हटलं, आई, कुडता चुकीचा होता. त्यातून ऊन आत गेलं. जुना शर्टच बरा होता. माझ्यामुळे झालं.

ती पायरीवरच्या मुंग्या पाहत होती. मग म्हणाली, "कापडाची चूक गो. तुजी कित्याक? तुवें कितें विणलां तें?"

"आई, मी शिकलेय. मला कळायला हवं होतं."

"शिकलेल्यांक सगळेंच कळपाक जाय जाल्यार दोतोर आजारी पडचेच ना." आणि हसली. हसताना ओठाचा कोपरा दुखतो तिचा, आत फोड आहे.

बसचं सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बांबोळी. आत जायच्या आधी बाकावर बसून काय सांगायचं ते पाठ करत होते, मुलं प्रार्थनेच्या वेळी सुविचार पाठ करतात तशी.

"जानकी" म्हणून आईच्या नावाचा पुकारा झाला. आत गेलो. डॉक्टर नवीन औषधाचं लिहायला लागली होती. मी म्हटलं, "थांबा. कपडे बदलले होते. मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, मी बोलले नाही. आई वर्षभर जाड निळा शर्ट घालत होती. जानेवारीत मी तो काढायला लावला आणि हा दिला." पिशवीतून कुडता काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरने तो उचलला, खिडकीकडे धरला. खिडकीचे गज दिसले. बाहेरचं झाडसुद्धा दिसलं! मला खाली बघावंसं वाटलं, बघितलं नाही.

"हे मागच्या सोमवारी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. रागाने नाही. त्यामुळे जास्त लागलं. मग पेन खाली ठेवलं. "मग औषध कमी पडलं असं लगेच म्हणता येत नाही. आत्ता आहे त्याच गोळ्या ठेवूया. ऊन पूर्ण बंद. पुन्हा तपासणी करून बघू." नवीन औषधाचा कागद तिने फाडला.

आई मध्येच म्हणाली, "तिका कांय म्हणूं नाका दोतोर. तिणें म्हज्या बऱ्याखातीर केल्लें."

बऱ्याखातीर.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. नको होती.

शेत आलं. बुजगावणं नुसत्या काठ्यांचं, डोक्याला मडकं. श्रद्धा टीचर म्हणाली, "अरे! ह्याचे कपडे कोणें चोरले?"

"मी," म्हटलं. आवाज एवढा मोठा आला की पुढच्या बाईने मागे पाहिलं. "शर्ट माझ्या आईचा होता. गेल्या महिन्यात तुम्हाला चालतं बुजगावणं दिसलं ना, ती माझी आई. तिला ल्युपस आहे. अंग राखायला ती तो शर्ट घालायची."

सागर सर तिकिटाची गुंडाळी करायला लागले. श्रद्धा टीचरचा चेहरा उतरला. "तेन्नाच सांगूंक ना कित्याक गो?" मग म्हणाली, "आनी तूंय हांसलें न्ही आमच्यावांगडा!"

"हो."

ती वाईट बाई नाही. तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

थांब्यावर उतरले. आज शेताच्याच वाटेने घरी गेले. पाय हलके होते. सगळं सांगून झालं असं वाटलं – डॉक्टरला, बसमध्ये. राहिली आई. पण तिला सांगून आता काय होणार? तिला माहीतच नाही, तर दुखवायचं कशाला? स्वतःचं मन मोकळं करायला आजारी माणसाला दुखवणं हाही स्वार्थच.

हे पटलं मला. मला पटणाऱ्या गोष्टींची आता भीती वाटते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तपासणीचा निकाल फोनवर कळला. प्रथिनं कमी आली आहेत. पूर्ण गेली नाहीत, पण कमी. बाबांनी टेम्पोवाल्या मित्रांना चहा पाजला आणि कारण सांगितलं नाही.

१ मार्च, रविवार

ऊन वर यायच्या आधी आईला शेताच्या बांधावर नेलं, नुसतं बघायला. निघताना तिला शर्ट घातला. तिची बोटं अजून मिटत नाहीत, बटणं मी लावते. खालून वर लावत आले.

ती म्हणाली, "त्या दिसा बशींतल्यान तूं माका पळोवन हांसलें गो. खिडकीकडेन आशिल्लें. सगळ्या टीचरांमुखार! हांव अशीच, शर्टांत, चिखलांत – तरी हांसलें. दीसभर म्हजें मन आनंदान भरून आशिल्लें. म्हणून तुवें तें पांढरें हाडलें तेन्ना हांव नाका म्हणूंक ना."

मी कॉलरचं बटण लावत होते. ते लागेना.